आज रोख, उद्या उधार

माळा साफ करायला चढलेल्या माणसाला शेवटी दोनच गोष्टींचा लाभ होतो. एक म्हणजे शिंका आणि दुसरे म्हणजे पूर्वज. मला दोन्हींचा एकाच दुपारी झाला.

बारामतीचे आमचे जुने घर पाडायचे ठरले, तेव्हा घरातला एकुलता एक रिकामटेकडा, म्हणजे पेन्शनर, या नात्याने माळा माझ्या वाट्याला आला. पितळेच्या घागरी आणि पराती माझ्याआधीच कोणीतरी 'साफ' करून नेल्या होत्या. उरले होते ते आजोबांच्या किराणा दुकानाचे अवशेष : तागडीचे एक पारडे, तीन लाल वह्या आणि पत्र्याची एक पाटी. पाटीवरची धूळ धोतराच्या जुन्या फडक्याने पुसली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरे उमटली : 'आज रोख, उद्या उधार. हुकमावरून.'

हुकूम कोणाचा, हे पाटीवर लिहिलेले नव्हते. दुकानाचे मालक आजोबा. नोकर आजोबा. दिवाणजीही आजोबाच. तेव्हा हा हुकूम आजोबांनी आजोबांना केलेला असावा, अशी मी समजूत करून घेतली. ती चुकीची होती, हे पुढे कळले.

काळ म्हणजे काय, या प्रश्नावर थोर थोर लोकांनी जाड जाड ग्रंथ लिहिले आहेत. आमच्या किराणा दुकानदारांनी तो चार शब्दांत सोडवला. उद्या कधीच येत नाही. जो येतो तो आजच असतो आणि आज रोख. एवढा वेदान्त एवढ्या लहान पत्र्यावर दुसऱ्या कोणाला बसवता आलेला नाही.

मग मी सहज वही उघडली आणि वेदान्त कोसळला. वही १९३० सालची. पानामागून पाने उधारीने भरलेली. तूरडाळ दोन शेर, नावे. घासलेट, नावे. काड्यापेटी, तीसुद्धा नावे! काड्यापेटी उधार घेणाऱ्या माणसाने ती कशासाठी पेटवली असेल, देव जाणे, कारण चुलीवर ठेवायची डाळही उधारच होती. 'जमा'ची बाजू मात्र उन्हाळ्यातल्या कऱ्हेसारखी. पात्र मोठे, पाणी नाही.

म्हणजे पाटी खोटी होती. आमचे आजोबा, ज्यांनी आयुष्यात तागडीची दांडी कधी बोटाने दाबली नाही, ते रोज सकाळी दुकानाच्या दर्शनी भागावर एक धडधडीत खोटे टांगत होते. वयाच्या सत्तरीत आपला आजोबा खोटारडा होता असे कळणे फारसे सुखाचे नसते. पण प्रकरण वाटते तितके सरळ नव्हते. जाहिरात खोटी असते, ती पदरात आहे त्यापेक्षा जास्त देऊ म्हणते म्हणून. आजोबांची जाहिरात खोटी होती, ती देत होते त्यापेक्षा कमी सांगत होती म्हणून. हे पाप कोणत्या रकान्यात टाकायचे? पापांच्या खतावणीत त्याला पानच नाही.

एरवी आमच्या दुकानदारांना रकाने पाडायची अडचण कधी आलेली नाही. आमच्या लहानपणीच्या पाट्या आठवा. दुकानाचे उद्घाटन आज सकाळी, नारळाचे पाणी अजून वाळलेले नाही, आणि पाटीवर 'सुप्रसिद्ध'. एका रस्त्यावर चार दुकाने आणि चौघेही 'एकमेव'. एका उपाहारगृहावर 'एकदाच भेट द्या' अशी कळकळीची विनंती होती. लोकांनी ती अक्षरशः मानली. एकदाच भेट दिली. आणि त्यातही शिरोमणी म्हणजे 'आमची कोठेही शाखा नाही'. जगातला व्यापारी आपल्या शाखा किती हे सांगतो. आमचा मराठी व्यापारी आपण एका जागेवरून हललेलो नाही, याचीच द्वाही फिरवतो. मला यात मोठा आत्मविश्वास दिसतो. काहींना आळस दिसतो. दोन्ही असू शकते.

आता यांना खोटे म्हणायचे का? माझे प्रामाणिक मत असे की नाही. 'सुप्रसिद्ध' हे वधूपक्षाने मुलीला 'गृहकृत्यदक्ष' म्हणण्यासारखे आहे. सांगणाऱ्याला ठाऊक असते, ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि पहिल्या पोळीपर्यंत दोघेही गप्प बसतात. बारामतीत ही परंपरा तर काव्याइतकी जुनी. मोरोपंत इथलेच. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने राहिले आणि एका रामकथेची एकशेआठ रामायणे केली. त्यातले एक तर ओठांनी उच्चारायची अक्षरे वगळून. माल एकच, वेष्टने एकशेआठ! अर्थात पंतांच्या मालाबद्दल शंका घेण्याची माझी प्राज्ञा नाही. मी फक्त वेष्टनाबद्दल बोलतो आहे.

खोटेपणाचा खरा मानबिंदू मला महाभारतात दिसतो. 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने आणि 'माणूस की हत्ती कोण जाणे' हे हळूच. धर्मराजाने त्या दिवशी जगातली पहिली आधुनिक जाहिरात केली. आजही तेच चालते. 'पन्नास टक्के सूट' हा अश्वत्थामा हातभर उंचीच्या अक्षरांत, आणि 'नियम व अटी लागू' हा हत्ती मुंगीएवढ्या अक्षरांत. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालायचा, तो त्यानंतर खाली टेकला म्हणतात. आपल्याकडे अशी जाहिरात केल्यावर गाडी आणखी चार बोटे वर जाते, एवढाच काय तो युगाचा फरक. आपल्याकडे रथाऐवजी कायदा खाली टेकवतो. जादूच्या औषधांनी कुठलाही रोग बरा करून देणाऱ्या जाहिरातींसाठी १९५४ साली स्वतंत्र कायदाच करावा लागला, आणि गिऱ्हाइकाच्या रक्षणाचा कायदा १९८६ साली आला. तोवर गिऱ्हाइकाचे रक्षण गिऱ्हाइकाची बायको करत असे.

पण मोठ्यांच्या जाहिरातीत आणि आमच्या आजोबांच्या पाटीत एक फरक आहे. गोदरेजच्या साबणाची शिफारस रवींद्रनाथांनी केली होती. लक्ससाठी १९४१ साली लीला चिटणीस उभ्या राहिल्या. १९३७ साली डालडा बाजारात आला तेव्हा डब्याच्याच आकाराची मोटार गावोगाव हिंडली. साबणाने अंग निघाले नाही म्हणून कोणी रवींद्रनाथांना गाठायला शांतिनिकेतनात जाणार नव्हते. आजोबांना मात्र गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर भेटायचे, दुपारी देवळात भेटायचे आणि संध्याकाळी पुन्हा दुकानात. एवढ्या वेळा तोंड दाखवायचे असले की माणसाला फारसे खोटे बोलता येत नाही. छोट्या व्यापाऱ्याचा प्रामाणिकपणा म्हणजे अर्धी नीती आणि अर्धी भूगोलाची अडचण, असे मला वाटते.

मंदीत ही अडचण फार वाढली. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काही सभ्य गृहस्थांचे नुकसान झाले. शेअर म्हणजे काय, हे तेव्हा आमच्या आळीत कोणाला माहीत नव्हते. शेर माहीत होता. तरी वर्षा-दोन वर्षांत गुळाचा भाव बसला. आणि गूळ म्हणजे बारामतीचा प्राण. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून बारामती-इंदापूरच्या रानात फिरत होते. त्या पाण्यावर ऊस, उसावर गुऱ्हाळ, गुऱ्हाळावर पेठ आणि पेठेवर दौंडहून येणारी छोटी गाडी, अशी ही उतरंड. तळातले मडके हलले तेव्हा वरचे सगळे खळखळले. पुढे १९३२ साली सरकारने साखरेला संरक्षण दिले, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला, उसाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. पण मधली वर्षे काढायची होती.

त्या वर्षांतल्या पाट्यांबद्दल आजोबा सांगायचे. 'सुप्रसिद्ध' आणि 'एकमेव' मंडळी एकदम गप्प झाली. शिंप्याने 'फॅशनेबल' शब्दावर चुना फासला आणि खाली लिहिले, 'जुने कोट उलटवून शिवून मिळतील.' बाहेरची बाजू विटली की कापड उसवायचे, आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचे. खिसा मात्र डावीकडचा उजवीकडे जाई. त्यामुळे गावात कोणाचा कोट उलटलेला आहे हे सगळ्यांना कळे, आणि सगळ्यांचाच उलटलेला असल्यामुळे कोणी बोलत नसे. सराफाने दागिने घडवण्याची पाटी काढून 'मोड घेतली जाईल' अशी लावली. १९३१ च्या सप्टेंबरात विलायतेने सोन्याचे चलन सोडले, सोन्याचा भाव चढला आणि खेड्यापाड्यांतल्या पाटल्या, गोठ आणि एकदाणी मोडून मुंबई बंदरातून परदेशी निघाल्या. सुबत्तेतली जाहिरात माणसाला काय हवे ते सांगते. मंदीतली जाहिरात त्याच्याकडे काय उरले आहे ते सांगते.

आणि आजोबांनी लावली ती ही निळी पाटी.

मी शाळेत असताना एकदा त्यांना विचारले होते, "आजोबा, उधार द्यायचंच होतं तर पाटी कशाला लावली?"

"अरे, पाटी गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. माझ्यासाठी होती. समोर माणूस उभा राहिला की मला नाही म्हणता येईना. म्हटलं, आपली जीभ वळत नाही तर पत्र्याला बोलू दे."

"मग पत्र्याचं कोणी ऐकलं का?"

"ऐकलं की. वाचता येणाऱ्यांनी ऐकलं," म्हणून आजोबा उठून गेले. एरवी एका प्रश्नाला चार गोष्टी सांगणारा माणूस. त्या दिवशी काही बोलला नाही. उरलेली गोष्ट मला आजीने सांगितली.

बहुतेक गिऱ्हाईक निरक्षर. पाटी लागली काय, उतरली काय, त्यांना सारखेच. "शेठ, गूळ विकला की देतो," म्हणायचे, पिशवी पुढे करायचे. आजोबा पाटीकडे बघायचे, पाटी आजोबांकडे बघायची आणि डाळ पिशवीत पडायची. पण आळीत एक मास्तर राहत होते. पगार कमी झालेला, तोही वेळेवर नाही. एका संध्याकाळी ते दुकानासमोर आले. पाटी वाचली. शिक्षकच ते, लिहिलेले वाचणार आणि वाचलेले खरे मानणार. "काय हवं मास्तर?" आजोबांनी विचारले. "काही नाही. अक्षर छान काढलंय पाटीवर," म्हणून मास्तर परत गेले.

त्या घरात तीन दिवस कण्यांवर भागवत होते आणि लहान मूल तापाने पडले होते. मास्तरीणबाईंनी हे सांगितले नाहीच. आजीला ते पाणवठ्यावर कळले. बायकांना असल्या गोष्टी न सांगता कळतात. मूल वाचले. पण आजीने त्या रात्री आजोबांना जेवायला वाढताना एकच वाक्य ऐकवले, "तुमच्या पाटीनं उधार घेणारा एकही अडला नाही. न घेणारा तेवढा अडला."

नीतिशास्त्रावर मी थोडेफार वाचले आहे. खोटे बोलावे की नाही, यावर फार मोठ्या लोकांचे फार मोठे वाद आहेत. पण खोटे कोणाच्या कानावर पडते, हा प्रश्न मला त्यात कुठे ठळक दिसला नाही. निर्ढावलेल्या माणसाला पाटी दिसत नाही. भिडस्त माणसाला तीच दिसते. आपण जगाला उद्देशून काहीतरी कडक लिहून ठेवतो आणि ते नेमके त्यालाच लागते ज्याच्यासाठी ते लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आजोबांना पाटी काढून टाकणे जड गेले. पाटी काढली म्हणजे दुकानदार नरमला अशी गावभर दवंडी. मग त्यांनी शिंप्याची युक्ती केली. पाटी उलटी केली. अक्षरे भिंतीकडे, कोरा पत्रा बाहेर. पुढची तीस वर्षे ती तशीच होती. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचे, भिंतीला भोक असेल, झाकले असेल.

इथे गोष्ट संपवली असती तर आजोबांचा पुतळा उभारायला हरकत नव्हती. पण मी हिशेब तपासनीस म्हणून नोकरी केली आहे. वही मिटण्याआधी बेरीज करायची सवय जात नाही. पाटी उलटल्यानंतरच्या वर्षात उधारी सव्वापट झाली आहे. सगळी काही परत आलेली नाही. आणि रोजकीर्दीत एके ठिकाणी, बारीक अक्षरात, 'सौ.च्या पाटल्या मोडून जमा रुपये १४२' अशी नोंद आहे. ते रुपये त्याच दिवशी पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याला गेले आहेत. पाटी उलटली आणि पाटल्या गेल्या. आजीच्या हातात मी जन्मभर काचेच्या बांगड्याच पाहिल्या. त्या तिला आवडतात, असे आम्ही समजत होतो.

मग उदार कोण? गल्ल्यावर बसणारे आजोबा, की चुलीपाशी बसणारी आजी? नाव आजोबांचे झाले. गावात अजून म्हातारे लोक 'तुमच्या आजोबांनी तारलं हो' म्हणतात. आजीची पाटी कोणी लावली नाही. आता मला तो 'हुकमावरून' शब्द कळला. पाटी लावण्याचा हुकूम कोणाचा होता, माहीत नाही. उलटण्याचा मात्र नक्की आजीचा.

दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. तुकोबा आमच्या धंद्यातले. वाण्याचे दुकान, १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ, दिवाळे, आणि मग आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली म्हणतात. म्हणजे मंदीच्या बरोबर तीनशे वर्षे आधी. पालखी आली की आजोबा वारकऱ्यांना गूळ-शेंगा वाटायचे. कोणाचे दुकान, कोणाच्या स्मरणार्थ, काही नाही. आता त्याच रस्त्यावर चहा वाटणाऱ्या मंडपाला चहापेक्षा मोठा फलक असतो. त्यावर सतरा चेहरे आणि कपबशी कुठेतरी कोपऱ्यात. मी पूर्वी यावर चिडायचो. एकदा एका वारकरी आजीबाईंना म्हटले, "बघा, चहा कमी आणि जाहिरात जास्त." त्या कप तोंडाला लावत म्हणाल्या, "मला वाचाया येत न्हाई बाबा. च्या गोड हाय." तेव्हापासून चिडणे बंद केले.

तर ही पाटी मी इंदापूरला पुतण्याकडे घेऊन गेलो. त्याचे किराण्याचे दुकान आहे. दुकान आता बोलते. गल्ल्यावर एक डबा असतो. फोनवरून पैसे दिले की तो खड्या आवाजात 'सात रुपये प्राप्त हुए' म्हणून सगळ्या रांगेला सांगतो. सात रुपयांची कोथिंबीर घेणाऱ्या माणसाला वाटते, उगाच आलो, निदान दहाची घ्यायला हवी होती. दवंडी गेली असे कोण म्हणतो? पूर्वी सरकारच्या हुकमाची पिटत, आता गिऱ्हाइकाच्या ऐपतीची पिटतात.

पुतण्याला पाटी फार आवडली. "काका, जुनी वस्तू आहे. दर्शनी लावतो. लोक फोटो काढतील."

मी त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली. त्याने गंभीरपणे ऐकली आणि फोन काढून मला दाखवला. त्यात उधारीची यादी होती. सरकवली तरी संपेना. आजोबांच्या वहीला निदान शेवटचे पान होते.

"आता तुम्हीच सांगा काका, कोणती बाजू बाहेर ठेवू?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, पण एवढा सोपा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. अक्षरे बाहेर ठेव म्हणावे तर मास्तर परत फिरतात. आत ठेव म्हणावे तर पाटल्या जातात. आणि गंमत म्हणजे, मास्तर माझे नव्हते आणि पाटल्याही माझ्या नव्हत्या. दुसऱ्याच्या हातातल्या सोन्यावर उदार होणे फार सोपे असते. आमच्या घराण्यात ते एकदा झालेले आहे.

"घरात विचार," मी म्हटले.

"घरात? दुकानाचं?"

"हो. दुकानाचंच."

सूनबाई आतून चहा घेऊन येतच होती. तिने सगळे ऐकले असावे. पाटी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली, पदराने पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, कोरी बाजू बाहेर लावा. पण आजपासून उधारीची यादी माझ्या फोनवर."

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी चहाकडे पाहिले. चहा गोड होता.